एचआयव्ही आणि कायदा: सीमाभागातल्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. नावे आणि गावे गाळली आहेत, तालुका तेवढा ठेवला आहे. जवळपास प्रत्येक उत्तरात 2017 सालचा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा येतो, म्हणून पुढे त्याला नुसते 'कायदा' म्हटले आहे. तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, आणि कागल-चंदगडात जसा आहे तसाच निपाणी-खानापुरात. फरक पडतो तो तक्रार कुणाच्या टेबलावर न्यायची यात. घटना ज्या राज्यात घडली, तक्रार त्या राज्यातल्या अधिकाऱ्याकडे जाते. तुमचे आधार कार्ड कुठले आहे याला महत्त्व नाही.

प्रश्न (खानापूर तालुका): पत्नीच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनसाठी बेळगावातल्या एका खासगी दवाखान्यात दाखल केले. भरती करताना कानडीतल्या चार-पाच कागदांवर तिच्या सह्या घेतल्या. आम्हा दोघांना कानडी वाचता येत नाही. दुसऱ्या दिवशी मला बाजूला बोलावून सांगितले, 'एचआयव्ही आहे, सरकारी दवाखान्यात न्या.' मी विनंती केल्यावर म्हणाले, करतो, पण वेगळे किट लागते, पंचवीस हजार जास्त पडतील. हे नियमात बसते का?

उत्तर: बसत नाही. आणि चूक एक नाही, चार आहेत. पत्रात तुम्ही दोनच धरल्या आहेत.

पहिली संमतीची. एचआयव्हीची तपासणी माणसाच्या संमतीशिवाय करता येत नाही. संमती म्हणजे नुसती सही नव्हे. तपासणी कशासाठी, तिचे परिणाम काय, पर्याय काय हे त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीने सांगितल्यावर, दबाव नसताना दिलेली ती संमती, अशी कायद्यातच व्याख्या आहे. कानडी न वाचणाऱ्या बाईची कानडी फॉर्मवरची सही, तीही 'सगळ्या तपासण्यांना मान्यता' अशा मोघम ओळीखालची, या व्याख्येत बसत नाही. तपासणीआधी आणि नंतर समुपदेशन व्हायला हवे, तेही झालेले दिसत नाही. संमतीशिवाय तपासणीला मुभा आहे ती मोजक्या ठिकाणी: कोर्टाचा आदेश, रक्तपेढीतले रक्त, अवयव वा ऊती घेताना, आणि नाव न जोडता केलेली साथपाहणी. ऑपरेशनपूर्व तपासणी या यादीत नाही. उपचारासाठी एचआयव्ही तपासणीची अट घालणे हाच कायद्याच्या कलम 3 नुसार भेदभाव आहे.

दुसरी चूक तुमच्या ध्यानात आली नसावी. रिपोर्ट तुमच्या पत्नीचा आणि सांगितला तुम्हाला. नवरा असलात तरी तिच्या संमतीशिवाय तो सांगण्याचा अधिकार त्यांना नव्हता. जोडीदाराला सांगण्याची वेगळी तरतूद कलम 9 मध्ये आहे, पण तिची पायरी फार पुढची आहे. ती खाली पाचव्या पत्राच्या उत्तरात पाहा.

तिसरी चूक नकाराची आणि चौथी जादा पैशांची. हातमोजे, गॉगल, गाऊन, सुया-धारदार वस्तूंची विल्हेवाट ही खबरदारी प्रत्येक रुग्णासाठी सारखीच घ्यायची असते, कारण रिपोर्ट निगेटिव्ह असलेल्या रुग्णालाही नुकतीच लागण झालेली असू शकते. शिवाय कर्मचाऱ्याला सुई टोचलीच तर 72 तासांच्या आत, शक्यतो पहिल्या 2 तासांत, प्रतिबंधक गोळ्या सुरू करून 28 दिवस घेण्याची सोय आहे. म्हणजे 'आमच्या स्टाफला धोका' हे कारण टिकत नाही. अतिदक्षता विभाग नाही, रक्त उपलब्ध नाही, अशी खरी वैद्यकीय कारणे असतील तर पुढे पाठवणे वेगळे. पण मग ते कारण रेफरल चिठ्ठीवर लिहून द्यायला हवे.

अडचण इथेच येते. नकार नेहमी तोंडी मिळतो आणि आठवड्याने कुणी काही बोललेच नव्हते असे होते. म्हणून रेफरल चिठ्ठी लेखी मागा. देत नसतील तर त्याच दिवशी तुमच्या पत्नीच्या सहीने दवाखान्याच्या प्रमुखाच्या नावे अर्ज लिहा: कधी भरती, कोणते ऑपरेशन ठरले, कोण काय बोलले, किती जादा पैसे मागितले. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. ऑपरेशन तातडीचे असेल आणि पैसे भरावेच लागले तर भरा, पण बिलावर त्या रकमेची वेगळी ओळ आणि तिचे नाव लिहून घ्या.

20 किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमलेला असावा लागतो. इतर संस्थांत ही संख्या 100 आहे. तक्रार आधी त्याच्याकडे, आणि तिथे दाद लागली नाही किंवा अधिकारीच नेमला नसेल तर राज्याच्या ओम्बड्समनकडे, म्हणजे या कायद्याखालच्या तक्रारी ऐकून आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याकडे. ओम्बड्समनने 30 दिवसांत निर्णय द्यायचा असतो; तातडीच्या वैद्यकीय प्रकरणात शक्य तितक्या लवकर, शक्यतो 24 तासांत. अर्ज रुग्णानेच करायला हवा असे नाही, कुणीही करू शकतो. उशीर करू नका, तीन महिन्यांच्या आत करणे चांगले. सध्याचा पत्ता जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण कार्यालयात किंवा 1097 या मोफत क्रमांकावर मिळेल.

एक सावधगिरी. 'तुम्हाला जेलात घालतो' अशी भाषा वापरू नका, कारण ते खरे नाही. उपचार नाकारण्याला या कायद्यात थेट तुरुंगवास नाही. ओम्बड्समनचा आदेश मोडला तर 10,000 रुपयांपर्यंत दंड, आणि मोडतच राहिले तर दर दिवशी 5,000 रुपयांपर्यंत जादा. कायद्याचा हा कच्चा दुवा आहे, असे आमचे मत. पण तुम्हाला हवे आहे ते ऑपरेशन, आणि ते करा असा आदेश ओम्बड्समन देऊ शकतो.

अर्ज मराठीत चालेल का, असा खुलासा बऱ्याच पत्रांत मागितला आहे. राज्यघटनेचे कलम 350 सांगते की गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याला देता येतो. तेव्हा 'कानडीत लिहून आणा' म्हणून अर्ज परत करता येत नाही. व्यवहाराचा भाग म्हणून मात्र सोबत कानडी भाषांतर जोडा आणि 'मूळ अर्ज मराठी' असे वर लिहा. भांडणात दोन आठवडे घालवण्यापेक्षा ते बरे.

आणि हे सगळे करण्याआधी: दवाखान्याचा एका किटवरचा रिपोर्ट म्हणजे निदान नव्हे. सरकारी तपासणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, वेगवेगळ्या तीन किटवर खात्री केली जाते आणि ती मोफत असते. तिथे आधी जा.

प्रश्न (बेळगाव, उद्यमबाग): फौंड्रीत 11 वर्षे कायम कामगार आहे. औषधाला वेळेवर जाता यावे म्हणून सुपरवायझरला विश्वासाने सांगितले. आता मॅनेजर म्हणतात, राजीनामा द्या, हिशेब चांगला करून देतो. तब्येत उत्तम आहे.

उत्तर: राजीनामा लिहू नका. या उत्तरातले एवढे वाक्य लक्षात राहिले तरी पुरे. स्वतःच्या हाताने 'वैयक्तिक कारणास्तव' लिहून दिले की काढून टाकल्याचा पुरावाच उरत नाही. कोऱ्या कागदावर किंवा व्हाउचरवर सहीही नको.

एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढायचे तर मालकाला दोन कागद तुम्हाला द्यावे लागतात. एक, पात्र आणि स्वतंत्र वैद्यकीय तज्ज्ञाचे लेखी मत, की तुमच्यामुळे कामाच्या ठिकाणी इतरांना लागण होण्याचा मोठा धोका आहे किंवा तुम्ही काम करण्यास असमर्थ आहात. दोन, तुम्हाला सोयीचे काम देणे कारखान्याला प्रशासकीय वा आर्थिकदृष्ट्या का झेपत नाही याचे लेखी निवेदन. हे कागद दिले नाहीत तर धोका नाही, तुम्ही काम करण्यास समर्थ आहात आणि मालकाला तशी अडचण नाही, असेच कायदा गृहीत धरतो. सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर नाही. साच्यात वाळू भरताना, भट्टीपाशी, ग्राइंडिंगला एचआयव्ही पसरत नाही, तेव्हा पहिला कागद कुठला प्रामाणिक डॉक्टर देईल असे वाटत नाही.

आज करायचे काम असे: मॅनेजरच्या नावे साधे पत्र, 'मी कामावर हजर आहे, राजीनामा देण्याची माझी इच्छा नाही, या तारखेला मला तसे सांगण्यात आले.' पत्रात आजाराचे नाव घालू नका, ते आवकजावक विभागातून दहा हातांत जाते. हजेरीकार्डाचा, पगारपत्रकांचा आणि पीएफ पासबुकाचा फोटो काढून ठेवा. गेटवर अडवले तर रोज शिफ्टच्या वेळी जाऊन हजर असल्याचा मेसेज पाठवत राहा. नाहीतर 'न सांगता गैरहजर' हा शेरा पडतो आणि प्रकरण दुसरीकडेच वळते. ओम्बड्समनकडची तक्रार आणि कामगार खात्याकडची तक्रार या दोन्ही वाटा एकाच वेळी चालू ठेवता येतात.

सुपरवायझरने ती गोष्ट पुढे सांगितली हाही गोपनीयतेचा भंग आहे. पण साक्षीदार कोण देणार? ते दुय्यम ठेवा, नोकरी आधी सांभाळा.

प्रश्न (निपाणी): औषध कोल्हापूरच्या एआरटी सेंटरवरून (एचआयव्हीची औषधे देणारे सरकारी केंद्र) चालू आहे, कारण गावात कुणी ओळखू नये. आता एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी परवडत नाही. बेळगाव जिल्ह्यात बदलून घेता येईल का? आणि महाराष्ट्रातली संजय गांधी पेन्शन आम्हाला मिळेल का?

उत्तर: औषधाला राज्याची हद्द नाही. बदली घेता येते, मात्र नीट घ्या. कोल्हापूरच्या सेंटरवर 'ट्रान्सफर आउट' मागा. सोबत तुमचे हिरवे पुस्तक (उपचारांची नोंदवही), शेवटचा सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) आणि व्हायरल लोडचा (रक्तातल्या विषाणूचे प्रमाण) रिपोर्ट, आणि कोणती गोळी कधीपासून चालू आहे याची नोंद घ्या. तुमचा रेकॉर्ड संगणकावर पुढच्या सेंटरकडे पाठवला जातो. तो पोचल्याचे दोन्हीकडे विचारून घ्या. निघताना किमान महिन्याच्या गोळ्या हातात असू द्या.

बऱ्याच जणांची चूक होते ती अशी की जुने सेंटर सोडून देतात आणि नव्या ठिकाणी 'नवीन पेशंट' म्हणून नाव घालतात. मग आधी कुठल्या गोळ्या झाल्या, कुठली लागू पडेनाशी झाली, हे नव्या डॉक्टरांना कळत नाही आणि जुन्या यादीत तुम्ही 'औषध सोडलेले' म्हणून राहता. तब्येत स्थिर असेल तर एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे. ती मागून पाहा. तशा मिळाल्या तर वर्षातून चार खेपांत भागेल आणि कदाचित बदलीची गरजच उरणार नाही. ऊसतोडीला किंवा गोव्याला कामावर जाणाऱ्यांनी कायमची बदली घेऊ नये. पुस्तक दाखवून वाटेतल्या सेंटरवर तात्पुरत्या गोळ्या मिळतात.

जाता जाता: कायद्याने औषध पुरवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, पण कलम 14 मध्ये 'शक्य तितके' अशा अर्थाचे शब्द आहेत. साठा संपला की ते आडवे येतात. गोळ्या कमी दिल्या तर किती दिल्या आणि पुढची तारीख काय, हे पुस्तकात लिहून घ्या.

पेन्शन नाही. संजय गांधी निराधार योजनेच्या यादीत एचआयव्ही आहे, पण अर्जदार महाराष्ट्राचा किमान 15 वर्षांचा रहिवासी असावा लागतो. नातेवाइकाच्या पत्त्यावर दुसरे रेशन कार्ड काढून देणारे दलाल निपाणीच्या आसपास भेटतील. तसे केलेत तर इकडचे कार्ड जाईल आणि खोट्या माहितीचा गुन्हा वेगळाच.

प्रश्न (चिकोडी तालुका): पती वारले. सासरे आधीच गेलेले. दीर म्हणतात, 'तुला तो रोग आहे, जमिनीत हिस्सा नाही, सही करून दे आणि माहेरी जा.' दोन मुले आहेत, एक 13 वर्षांचा, एक 8 ची. मुलांना लागण नाही.

उत्तर: ताई, दिरांचे म्हणणे 1956 सालीच निकालात निघाले आहे. हिंदू वारसा कायद्याचे कलम 28 स्पष्ट सांगते: कोणताही रोग, दोष किंवा व्यंग यावरून कुणाचा वारसा हिरावता येत नाही. विधवा आणि मुले हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. पुन्हा लग्न केल्यास हिस्सा जातो, असेही कुणी सांगेल; तसे सांगणारे कलम 2005 साली काढून टाकले आहे.

हक्कसोड पत्रावर सही नको, 'फक्त बँकेच्या कामासाठी' असे म्हटले तरी. पहिल्यांदा पतीचा मृत्यूदाखला काढा. त्यात मृत्यूचे कारण लिहायचे नसते, जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानेच मनाई आहे. कारण लिहिलेला वैद्यकीय दाखला हा वेगळा कागद असतो. तो कुणी मागितला तरी वारस नोंदीच्या अर्जाला जोडू नका, त्याची तिथे गरज नसते. मग नाडकचेरीतून (कर्नाटकातली स्थानिक महसूल कचेरी) वंशावळीचा दाखला, जमिनीची पहाणी (इकडचा सातबारा) आणि सब-रजिस्ट्रार कचेरीतून ई.सी., म्हणजे बोजा दाखला काढा, म्हणजे दरम्यान काही विकले वा गहाण टाकले का हे कळेल.

वारस नोंदीला इकडे पौती खाते म्हणतात. अर्ज नाडकचेरीत. दिरांनी हरकत घेतली की प्रकरण वादाचे म्हणून तहसीलदारांपुढे जाते, तिथे सुनावणी होते, आणि निकाल विरुद्ध गेला तर चिकोडीच्या प्रांतांकडे अपील. इथे अनेक बायका थकतात आणि समजतात की हिस्सा गेला. तसे नाही. पहाणीवरची नोंद ही मालकी ठरवत नाही. मालकी दिवाणी कोर्ट ठरवते. वाटणीचा दावा लावा आणि त्याच दिवशी जमीन विकू नये म्हणून मनाई हुकूम मागा. दावा लावून मनाई न मागणे ही नेहमीची चूक. निकाल लागेपर्यंत जमीन तिसऱ्याच्या नावावर गेलेली असते आणि मग त्याच्याशी नवे भांडण.

महिला म्हणून उत्पन्न किती का असेना, तुम्हाला मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातल्या कायदेविषयक सेवा समितीत अर्ज करा किंवा 15100 ला फोन करा. अर्जात आजाराचा उल्लेख करायची गरज नाही. घरातून बाहेर काढू लागले तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. ज्या घरात नांदलात त्या घरात राहण्याचा हक्क त्याने मिळतो, घर कुणाच्याही नावावर असो.

मुलांना लागण नसली तरी एचआयव्ही असलेल्या व्यक्तीसोबत राहणारे म्हणून त्यांनाही कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. जमिनीची मूळ कागदपत्रे घरात सुरक्षित वाटत नसतील तर ती बाल कल्याण समितीकडे ठेवायला देता येतात. ही सोय एचआयव्ही कायद्याच्या कलम 16 मध्ये आहे आणि जवळजवळ कुणी वापरत नाही. तुमचा थोरला 12 पेक्षा मोठा आहे, म्हणून हेही सांगतो: तुम्ही आजारी पडलात आणि त्याला घरकारभार पाहण्याइतकी समज असेल, तर धाकटीच्या शाळाप्रवेशासाठी, उपचारासाठी, बँक खात्यासाठी तो पालक म्हणून सही करू शकतो. त्याच कायद्याचे कलम 32. बँकेत हे माहीत नसते. कलमाची छापील प्रत सोबत न्या.

प्रश्न (बेळगाव शहर): लग्नाला आठ महिने झाले. पतीला आधीपासून लागण होती हे आता त्याच्या औषधांवरून कळले. त्याच्या सेंटरमधल्या काऊन्सेलरला माहीत असून मला सांगितले नाही. दोघांवर केस करायची आहे.

उत्तर: केसआधी तपासणी. आज निगेटिव्ह आली तरी शेवटच्या संबंधानंतर तीन महिन्यांनी पुन्हा करा. पतीचा व्हायरल लोड औषधाने सतत दबलेला असेल तर संबंधातून लागण होत नाही, त्यामुळे घाबरून अंदाज बांधू नका.

काऊन्सेलरवरची तक्रार टिकणार नाही. जोडीदाराला सांगण्याचा अधिकार फक्त डॉक्टर आणि समुपदेशकाला आहे. तोही जोडीदाराला खरोखर धोका असेल, रुग्णाला 'तुम्हीच सांगा' असे समजावून झाले असेल, तो सांगणार नाही अशी खात्री असेल आणि 'मग आम्ही सांगू' अशी पूर्वसूचना दिली असेल तेव्हाच. समोरासमोर आणि समुपदेशन करूनच सांगायचे. रुग्ण स्त्री असेल आणि सांगितल्याने मारहाण वा घराबाहेर काढण्याची भीती असेल तर सांगायचेच नाही. हे सगळे कलम 9 मध्ये आहे, आणि त्याखाली सांगितल्याबद्दल किंवा न सांगितल्याबद्दल त्यांच्यावर खटला भरता येत नाही.

पतीची गोष्ट वेगळी. फसवून लग्न केले म्हणून ते रद्द करून घेता येते, पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज हवा, आणि कळल्यानंतर तुम्ही स्वखुशीने त्याच्यासोबत नांदलेल्या नसाव्यात. 'बघू, सुधारेल' म्हणत थांबलात तर हा मार्ग बंद होतो. मग घटस्फोट, म्हणजे लांबचा रस्ता. कळल्याची तारीख कशावरून सिद्ध होईल याचा विचार आताच करा, औषधाच्या डबीचा तारीख दिसणारा फोटोही चालतो. तो पुरावा कोर्टासाठी आहे, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलात तर उलट तुम्हीच अडचणीत याल. फौजदारी तक्रारीला भारतीय न्याय संहितेची कलमे 271 आणि 272 आहेत, पण तो गोळ्या नीट घेत असेल तर संसर्ग पसरवल्याचे सिद्ध करणे अवघड. पोटगी मागताना तुम्हाला लागण झालेली असल्यास औषधपाण्याचा खर्च मांडा. कोर्टाने तो विचारात घ्यावा असे एचआयव्ही कायद्याचे कलम 35 म्हणते.

प्रश्न (अथणी तालुका): मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर 'आजार असल्यास लिहा' असे आहे. लिहावे का? आणि गावातल्या एकाने आमच्या घराबद्दल व्हॉट्सअॅपवर घाणेरडे लिहिले आहे.

उत्तर: लिहू नका, बंधन नाही. गोळीची वेळ शाळेच्या वेळेत येत असेल तर सेंटरवर वेळ बदलून मागा.

व्हॉट्सअॅपच्या मजकुराला मात्र तुरुंग आहे: द्वेष पसरवणाऱ्याला कमीत कमी 3 महिने आणि जास्तीत जास्त 2 वर्षे, किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, ग्रुपचे नाव, तारीख दिसू द्या आणि मूळ मेसेज फोनमधून पुसू नका. प्रकरण कोर्टात गेले की पहिल्याच तारखेला वकिलामार्फत कलम 34 चा अर्ज द्या: कागदांवर खऱ्या नावाऐवजी टोपणनाव, बंद दाराआड सुनावणी आणि नाव छापण्यास बंदी. हा अर्ज उशिरा दिला तर तोवरच्या कागदांवर नाव राहून जाते. अशी प्रकरणे आधी घ्यायची असतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये हवाई दलातल्या एका माजी कर्मचाऱ्याच्या रक्तसंक्रमणाच्या खटल्यात सर्व कोर्टांना त्याची आठवण करून दिली आहे. तारखा लांबत असतील तर वकिलांना त्या निकालाचा हवाला द्यायला सांगा.